चुंबक न धरणारी गाडी

त्या गाडीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. गाडी सुंदर होती, तेच मला पटलं नाही. चाळीस वर्षं मी जुन्या हुबळीत गाड्यांचे पोचे काढले, पत्रा ठोकला, रंग मारला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. जी गाडी जास्त चकाकते, तिच्या रंगाखाली काहीतरी असतं.

बायको जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. शेड मी बंद केली होती. मुलगा धारवाडपलीकडं बेलूरच्या गाड्यांच्या कारखान्यात, सकाळी सहाला कंपनीची बस धरतो. सून शाळेत शिकवते. दिवसभर घरात मी आणि टीव्ही, आणि टीव्हीवर माझा विश्वास नाही. म्हणून रविवारी सकाळी बस धरून उणकल तळ्यावर जायला लागलो. तळ्याच्या कडेला एक चहाची टपरी आहे. रविवारी तिथं गाडीवेडे लोक जमतात. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले एक साहेब, कोप्पीकर रोडवर टाइल्सचं दुकान असलेला एक जण, असे वीस-पंचवीस. आपापल्या गाड्या धुऊन पुसून आणायच्या, ओळीनं लावायच्या आणि दोन तास दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची, हा त्यांचा रविवार.

मला ते अज्जा म्हणायचे, म्हणजे आजोबा. चहा द्यायचे. मी मनात म्हणायचो, फुकटचा मिस्त्री मिळालाय म्हणून गोड बोलतात. कुणी चहाबरोबर भजीची प्लेट पुढं केली की मी वाट बघायचो, आता हा काय दाखवणार. आणि तो दाखवायचाच. "अज्जा, जरा इकडं या की. हा ओरखडा निघेल का?"

ती गाडी आधी फोटोत आली. टाइल्सवाल्याला ती घ्यायची होती. चाळिशीतला माणूस, अंगानं भरलेला, गाडीचं नाव निघालं की लहान मुलासारखा तोंड उघडं टाकणारा. गाडी परदेशी, उंच, जीपसारखी दणकट, पण छप्पर सरळ मागं न जाता मधूनच खाली उतरत गेलेलं. रंग काळपट निळा. धारवाडच्या एका वकील साहेबांची होती. साहेब आदल्या वर्षी वारले होते आणि त्यांच्या बायकोला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून विकायची होती.

तीन रविवार त्या छपरावरून भांडणं झाली.

"ही गाडी नव्हे, मूर्ती आहे," टाइल्सवाला म्हणायचा.

"मूर्तीच आहे," बँकेतले साहेब म्हणायचे. "बाहेरून नमस्कार करायचा. आत बसायचं नाही."

"मागं दोघं आरामात बसतात, सर."

"कोण दोघं? तुमच्या सासूबाई अंबाडा घालतात ना? त्यांना मागं बसवा आणि छपराला अंबाडा लागतो का नाही ते मला सांगा."

"सासूबाई बसत नाहीत हाच तर फायदा आहे की!"

निम्मे लोक हसायचे आणि निम्मे टाइल्सवाल्याची पाठ थोपटायचे. असे दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, उंच गाडीला असं उतरतं छप्पर म्हणजे कमाल आहे, ही गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटतं. दुसरा तट म्हणायचा, मग उंच घेतली कशाला? बुटकी गाडी घ्यायची होती. डॉक्टर म्हणायचे, मागच्या काचेतून रस्ता बघायचा म्हणजे टपालपेटीच्या फटीतून बघण्यासारखं आहे. बँकेतल्या साहेबांनी तर टाइल्सवाल्याला सांगून टाकलं, "तुम्ही टाइल्स विकता, तुम्हाला वरचा थर दिसतो. खालची जमीन दिसत नाही."

दोन्ही तट शेवटी माझ्याकडं यायचे. "अज्जा, तुम्ही बोला."

"असल्या छपरावरून पाणी लवकर उतरतं, एवढं मला कळतं," मी म्हणायचो. "बाकी गाडी आणा. बघितल्याशिवाय मी बोलत नाही. सुंदर बाईचं आणि सुंदर गाडीचं मी ऐकून घेत नाही."

ते हसायचे. मी विनोद केलेला नसायचा.

माझी बघायची पद्धत सांगतो. गाडी आपटली की पत्रा आत जातो. तो मागून ठोकून ठोकून पहिल्यासारखा आणायला दिवस लागतो. आळशी मिस्त्री तेवढा वेळ देत नाही. तो खड्ड्यात पुट्टी भरतो, पाणीकागदानं घासतो आणि वर रंग मारतो. वर्षभर कुणाला कळत नाही. पण चुंबकाला कळतं. लोखंडाच्या पत्र्यावर चुंबक चट् करून बसतो. खाली पुट्टी असली की धरत नाही, घसरून पडतो. माझा चुंबक जुन्या स्पीकरमधून काढलेला. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून बायकोनं त्याला मऊ धडप्याची पिशवी शिवून दिली होती. चुंबक जिथं घसरेल तिथं मी खडूनं फुली मारायचो. आमच्या भागात हा रिवाजच होता. जुनी गाडी घ्यायची तर आधी माझ्याकडं आणायची. माझी फुली पडलेली गाडी कुणी घेत नसे. विकणारे मला शिव्या द्यायचे, घेणारे पाया पडायचे. एकदाही माझी फुली खोटी ठरली नव्हती.

चौथ्या रविवारी गाडी आली. टाइल्सवाला चालवत होता आणि शेजारी वकीलीणबाई बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई, पांढरं सुती लुगडं, मांडीवर पर्स. त्या उतरल्या नाहीत. काच अर्धी खाली घेऊन बसून राहिल्या. सगळे गाडीभोवती जमले. फोटोवर नाक मुरडणारे दोघे-तिघे गप्प झाले, एवढी ती खरी बघायला चांगली होती. बँकेतले साहेब मात्र मागचं दार उघडून आत डोकं घालून मोजत होते, छपरात आणि डोक्यात किती बोटं राहतात ते.

मी खिशातून चुंबक काढला. चारी दारांवर बसला. मग बॉनेटवर ठेवला. घसरला. थोडा डावीकडं ठेवला. घसरला. उजवीकडं, मधे, कडेला, कुठंच धरला नाही. मागं गेलो. डिकीच्या दारावरही तेच. बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं, आवाज बद्द आला.

अख्ख्या बॉनेटवर पुट्टी कोण भरतो? हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. एक वीत पुट्टी भरतात, दोन वीत भरतात. पण मला प्रश्न पडला नाही. उलट मला वाटलं, अरे वा, जन्मातली सगळ्यात मोठी चोरी आज धरली. खडू काढला. बॉनेटवर तीन फुल्या आणि डिकीवर दोन.

"पुढून आपटलीय," मी मोठ्यानं सांगितलं. "मागूनही आपटलीय. चांगलीच आपटलीय."

टाइल्सवाल्याचं तोंड उतरलं. "अज्जा, नीट बघा की."

"नीटच बघितलं. तुला सुंदर पुट्टी पाहिजे असली तर घे."

छप्पर न आवडणारा तट टाळ्या द्यायला लागला. तेव्हा दार उघडून वकीलीणबाई खाली उतरल्या. फुल्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"असं होणार नाही," त्या म्हणाल्या. "गाडी कुठंही लागलेली नाही. लागली असती तर त्यांनी मला सांगितलं असतं."

मी म्हटलं, "नवरे सगळं सांगत नाहीत, बाई."

लोक पुन्हा हसले. कुणीतरी ओरडलं, "हौद री अज्जा!" म्हणजे बरोबर बोललात. बाई वळल्या. गाडीत जाऊन बसल्या आणि टाइल्सवाल्याला म्हणाल्या, "मला घरी सोडा." गाडी धारवाडच्या रस्त्याला लागली. डिकीवरच्या दोन पांढऱ्या फुल्या लांबपर्यंत दिसत होत्या.

खोटं लिहीत नाही, मला त्या दिवशी बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी दोन मिरची-भजी जास्त खाल्ली.

माझं असं का झालं होतं, ते सांगायला पाहिजे. माझ्या बायकोनं आठ महिने पोटातलं दुखणं लपवलं. "पित्त आहे" म्हणायची आणि सुंठ चघळायची. मी म्हणायचो, तिखट कमी खा. एवढंच म्हणायचो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी विचारलं, अगं बोलली का नाहीस? तर म्हणते, "तुमची शेड तेव्हा नीट चालली होती." ती गेली आणि माझा माणसावरचा विश्वास गेला. ज्या बाईनं आयुष्यात माझ्यापासून एक गोष्ट लपवली नाही असं मी समजत होतो, तिनं एवढी मोठी गोष्ट लपवली. मग बाकीचे काय सोडतील? औषधाच्या दुकानातला गोळ्या बदलून देतो असं वाटायला लागलं. मुलगा आणि सून स्वयंपाकघरात हळू बोलले की माझंच चाललंय असं वाटायचं. मी दाराशी जाऊन उभा राहायचो. ते भाजीचं बोलत असायचे. मी म्हणायचो, मला बघून भाजीवर आले.

दहा-बारा दिवसांनी दुपारी दाराशी रिक्षा थांबली. वकीलीणबाई उतरल्या. माझं घर विचारत विचारत आल्या होत्या. घरात मी एकटाच. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, कॉटच्या कडेला टेकल्या.

"मिस्त्री, भांडायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. "फुल्या मी अजून पुसलेल्या नाहीत. गाडी विकायचीही नाही आता. फक्त एक सांगा. ती किती वर्षांपूर्वी आपटली असेल?"

आता खरं काय ते लिहितो. पुट्टीचं वय चुंबकाला कळत नाही. माझ्यासारख्याला हात लावून तर मुळीच कळत नाही. "मला सांगता येत नाही" एवढंच मी म्हणायला पाहिजे होतं. पण बाई माझ्याकडं बघत होत्या, डॉक्टरकडं बघतात तसं. आणि तळ्यावरच्या हशानंतर मी तसाही हवेत होतो.

"पाच-सहा वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळू म्हणाल्या, "त्या वर्षी ते आठ दिवस कारवारला होते. केस आहे म्हणाले. गाडी घेऊन गेले होते. आले ते गाडी धुऊन पुसून आणली. मी म्हटलं, एवढी स्वच्छ कशी? तर म्हणाले, समुद्राची खारी हवा लागते म्हणून धुतली."

"बरोबर," मी म्हटलं.

काय बरोबर? मला काय माहीत होतं? पण म्हटलं.

"चौतीस वर्षं संसार केला," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, या माणसाची चप्पल जिन्यावर वाजली की त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं." आणि उठल्या. मी पाणी दिलं होतं, ते तसंच राहिलं.

त्या गेल्यावर मी स्वतःला सांगितलं, बरं झालं, आता तिला खरं कळलं. आपल्याला जसं कळलं तसं.

पुढच्या आठवड्यात मुलाला सुट्टी होती. दुपारी आम्ही जेवत होतो. मुलगा कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या मशीनवर असतो. तो मान खाली घालून म्हणाला, "अप्पा, तळ्यावर तुम्ही कुठल्या गाडीला चुंबक लावला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"फोटो फिरतोय. फुल्या मारलेली गाडी, खाली लिहिलंय, पुट्टीची महाराणी. आमच्या लाइनवर सगळ्यांनी बघितला."

"मग? खोटं आहे काय?"

"अप्पा, त्या गाडीचं बॉनेट लोखंडाचं नसतंच. ॲल्युमिनियमचं असतं, वजन कमी करायला. डिकीचं दार तर फायबरचं. कालच बनलेल्या गाडीवरही चुंबक धरणार नाही."

माझा घास तोंडात राहिला. पण तोंडातून काय निघालं? "तुला टाइल्सवाल्यानं पाठवलंय. गाडी घ्यायचीय त्याला. काय कबूल केलंय तुला?"

मुलानं ताट बाजूला सारलं. सून दारात उभी होती, ती आत गेली. "तुमच्याशी बोलायची सोय राहिली नाही, अप्पा," मुलगा म्हणाला. "आई होती तेव्हा तुम्ही असे नव्हता."

मुलाला खोटं पाडायचं म्हणून मी त्याच दिवशी भंगारवाल्यांच्या गल्लीत गेलो. आमच्या घरामागंच आहे ती. तिथला एक भंगारवाला माझ्या वयाचा, जुना ओळखीचा. "बर्री मिस्त्री," म्हणाला, या म्हणाला. मी गाडीच्या कंपनीचं नाव सांगून विचारलं, तिचं बॉनेट आहे का? होतं. हायवेवर ट्रकखाली गेलेली एक गाडी त्यानं तोडली होती. बॉनेट भिंतीला टेकून उभं होतं, एक कोपरा फाटलेला.

मी ते उचलायला दोन्ही हात लावले, कंबर वाकवली, दम धरला. आणि ते पटकन वर आलं. पायरी संपलेली असताना आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसा माझा तोल गेला. एका हातानं उचलता येत होतं. फाटलेल्या कडेकडं बघितलं. एक पावसाळा उघड्यावर काढलेली कड, पण गंजाचा ठिपका नाही. कानस मागून घेतली आणि कड घासली. आतून पांढरं, आरपार पांढरं. चुंबक लावला तर माझ्या पायावर पडला.

भंगारवाला हसला. "ते ॲल्युमिनियम आहे, मिस्त्री. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हटलं.

माझ्या शेडीत आल्या त्या सगळ्या लोखंडाच्या गाड्या. जीप, टेम्पो, टॅक्सी, मध्यमवर्गातल्या माणसाची पहिली गाडी. असल्या मोठ्या गाड्या काचेच्या शोरूमला जातात, माझ्या गल्लीत वळतसुद्धा नाहीत. गाड्या बदलल्या आणि मला कुणी कळवलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

भंगारवाल्याकडून त्या कडेचा हाताएवढा तुकडा कापून घेतला आणि घरी आलो. आणि पंधरा दिवस काहीही केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण केलं नाही. तुकडा ट्रंकेत ठेवला. रविवारी तळ्यावर गेलो नाही, गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. सगळं गेलं तरी माझी फुली खरी, एवढीच एक गोष्ट माझ्याजवळ राहिली होती. ती मी स्वतःच्या तोंडानं पुसणार होतो. शिवाय मनात येत होतं, बाई काय, विसरतील. गाडीच तर आहे.

मग टाइल्सवाला घरी आला. मला वाटलं, फजिती करायला आला. पण त्याचं तोंड वेगळंच होतं.

"अज्जा, वकीलीणबाई कारवारला जाऊन आल्या."

"कशाला?"

"गॅरेजं शोधायला. एकट्या, बसनं. मोबाइलमधला गाडीचा फोटो दाखवत दोन दिवस फिरल्या. ही गाडी इथं दुरुस्तीला आली होती का, बरोबर कोण होतं, असं विचारत. माझी बायको त्यांच्या भजनातली आहे, तिच्याजवळ रडल्या म्हणे. अज्जा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

मला ती बाई डोळ्यांपुढं दिसली, पर्स छातीशी धरून कारवारच्या उन्हात एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये जाणारी. काळ्या हातांची पोरं तिच्या मोबाइलात बघून एकमेकांकडं बघून हसत असणार. मी त्या पोरांना ओळखतो. माझ्याच शेडीत तयार व्हायची तसली.

त्या रविवारी मी तळ्यावर गेलो. बाईंकडं जायच्या आधी तिथं गेलो, कारण पंचवीस पुरुषांपुढं नाक कापून घेणं मला त्या एका बाईपुढं जाण्यापेक्षा सोपं वाटलं. तुकडा सगळ्यांना दाखवला. "पुट्टी नाही. ॲल्युमिनियम आहे. मी चुकलो," म्हटलं. "फोटो ज्यांनी फिरवला त्यांनी हेही फिरवा."

तुकडा हातोहात फिरला. मग बँकेतले साहेब म्हणाले, "अज्जा, म्हणजे छपराचा दोष तेवढा उरला."

"छपरात दोष कुठाय?" टाइल्सवाला म्हणाला. "मी घेणार आहे ती."

"घ्या, घ्या. आधी सासूबाईंची उंची मोजा."

आणि दोन मिनिटांत दोन्ही तट पुन्हा छपरावर चढले. मी तिथं उभा आहे हेही विसरले. मी तुकडा पिशवीत टाकला आणि धारवाडची बस धरली.

वकिलांचं घर पहिल्या मजल्यावर. खाली गाडी उभी होती, वर कापड घातलेलं. मी जिना चढलो, बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि मला बघून बाजूला झाल्या. "कूड्री," म्हणाल्या, बसा म्हणाल्या. पण मी बसलो नाही. भिंतीवर साहेबांचा मोठा फोटो होता, हार सुकलेला.

मी सगळं सांगितलं. तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला, कड बोटानं चाचपली.

"म्हणजे गाडी आपटली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"कधीच नव्हती?"

"माझ्या हिशेबानं नव्हती. कुठल्याही शोरूमला नेऊन दाखवा. माझ्यावर आता विश्वास ठेवू नका."

त्यांनी तुकडा पदरानं पुसला. मग मान वर केली. "आणि पाच-सहा वर्षं? ते कशावरून सांगितलंत?"

मला हाच प्रश्न नको होता. बसमध्ये मी देवाला म्हणत आलो होतो की हा प्रश्न येऊ नये.

"कशावरूनच नाही," मी म्हटलं. "थाप मारली."

"थाप?"

"मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. तुम्ही कारवारचं बोललात, त्याला बरोबर म्हटलं, तेही तसंच."

त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, तुकडा माझ्या तोंडावर मारतील. मारला असता तर चाललं असतं.

"का?" त्यांनी विचारलं. "मी तुमचं काय केलं होतं?"

मग मी त्यांना बायकोचं सांगितलं. पित्ताचं, सुंठीचं, आठ महिन्यांचं. माफी मिळावी म्हणून नाही सांगितलं, त्यांनी 'का' असं विचारलं म्हणून सांगितलं. तेव्हापासून कुणी काही लपवलं म्हटलं की मला ते लगेच खरं वाटतं, असं म्हटलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची बायको तुमच्याशी खोटं बोलली, म्हणून माझा नवरा खोटा?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिलो.

"आणि तीही खोटं काय बोलली? तुमच्या जिवाला घोर नको म्हणून बोलली. तुम्ही विचारलंत का तिला कधी नीट, समोर बसवून? का तिखट कमी खा म्हणून शेडीत गेलात?"

तिखटाचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बाईंनी आपल्या आपण ओळखलं.

"हे गेल्यापासून रोज सकाळी मी पहिला कप यांच्यापुढं ठेवते," त्या फोटोकडं हात करून म्हणाल्या. "मग दिवसाचं काय ते बोलते. तुमच्या घरून आले त्या दिवसापासून ठेवला नाही. बोलले नाही. तोंड फिरवून जात होते या खोलीतून. हे दिवस मला कोण देणार, मिस्त्री? तुम्ही देणार?"

"नाही," मी म्हटलं.

"मग जा आता."

मी बाहेर आलो. दार त्यांनी आपटलं नाही, नुसतं लोटलं. चपला दाराशी होत्या. वाकून घालायला मला आताशा वेळ लागतो, भिंतीला धरावं लागतं. एक चप्पल पायात गेली तोवर आत गॅसचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा, साखरेच्या डब्याच्या झाकणाचा. मी थांबलो. थांबायला नको होतं, पण थांबलो.

जरा वेळानं बशीत कप टेकला. मग बाईंचा आवाज. रडका नव्हता, घरात नवऱ्याशी बोलतात तसा, थोडा चढलेला.

"घ्या. साखर कमी आहे, घ्या तशीच. आणि कारवारला आठ दिवस काय करत होता, ते मी विचारणार आहे. आज नाही. पण विचारणार आहे, सोडणार नाही. तिथं काय ऊन आहे हो! माणसं वाट सांगतात आणि स्वतःलाच माहीत नसते..."

त्या बोलतच राहिल्या. बसमधल्या गर्दीचं, कुठल्याशा खानावळीतल्या मासळीच्या वासाचं, दोन दिवस आंघोळ झाली नाही त्याचं. मी दुसरी चप्पल हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. खालून कुणी आलं असतं तर चोर म्हणून धरलं असतं. बाईंचं बोलणं संपेना. मग मी ती चप्पल तशीच हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून एकेक पायरी बघत खाली उतरलो.